देवाचा उजवा हात

मांडवी

समाजशास्त्र हा विषय आमच्या विद्यापीठात अजून इतका नवा आहे की तो शिकणाऱ्या मुलीला लोक समाजसेविका समजतात आणि जुने कपडे आणून देतात. माझ्या वडिलांचाही असाच काहीसा समज होता. कोकणातल्या एका गावी जाऊन तिथले लोक देवाला कौल कसा लावतात याची पाहणी करायची आहे, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि तो बंद कसा पाडणार?"

बंद पाडायचा नाही, नुसता पाहायचा आहे, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी पुण्याची आत्या सोबत येणार असेल तर जा, म्हणाले. आत्याच्या यजमानांनी तिला पाठवायला इतक्या उत्साहाने होकार दिला की निघताना ती दारातून दोनदा परत आत जाऊन आली.

रत्नागिरीला आगबोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावात घालून किनाऱ्याला आणतात. खलाशाने आत्याला बखोटीला धरून पडावात सोडलं, तेव्हा आता सोवळ्याचा प्रश्न कायमचा मिटला असं मला वाटलं. पण मध्येच एक मोठी लाट आली, आम्ही नखशिखांत भिजलो, आणि समुद्रस्नान घडल्यामुळे आपण पुन्हा शुद्ध झालो असं आत्याने वाळूवर पाय टेकताच जाहीर केलं.

मांडवीला आत्याच्या नात्यातले अप्पा राहतात. निवृत्त हेडमास्तर, मतांनी कडक सुधारक. रात्री पानावर कुळथाचं पिठलं आणि भात होता. भातानंतर पुन्हा भात, आणि पोळी कधी येणार म्हणून आत्या वाट पाहत राहिली. जेवताना अप्पांनी मला तासभर समजावलं की कौलबिल अडाणी लोकांसाठी असतो, शिकलेल्या मुलीने त्यात वेळ घालवू नये. सकाळी आम्ही निघताना मात्र ते फाटकापर्यंत आले, मागे वळून घराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जातेच आहेस तर एवढं विचार. आमच्या परसातलं कलम मोहोर का धरत नाही?"

खाडीपलीकडे

गावाचं नाव देत नाही. नाटे गावाच्या पलीकडे, समुद्राच्या काठावर आहे, एवढंच सांगते. मागे जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे पठार, त्याच्या उतारावर शेतकऱ्यांची घरं, खाली माडांत कोळ्यांची वस्ती. वाऱ्याची दिशा बदलली की सुकत घातलेल्या मासळीचा वास थेट सड्यापर्यंत चढतो. पहिल्या दिवशी आत्या नाकाला पदर लावून बसली. दुसऱ्या दिवशी पदर तोंडात धरून बसली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आज वास नाही का गं येत?" वास तसाच होता.

आमचा मुक्काम शाळेच्या खोलीत होता. गावचा मुख्य मानकरी दाजी, मोठ्या मिशांचा, सावकाश बोलणारा शेतकरी. तो पहिल्याच संध्याकाळी चौकशीला आला.

"तुमी सरकारकडच्या की मिठाकडच्या?" दोन-तीन वर्षांपूर्वी मिठाचा कायदा मोडायला इकडे माणसं आली होती, त्यावरून त्याने विचारलं.

"मी विद्यापीठाकडची."

"तां कोणच्या बाजूला?"

हा प्रश्न मी आमच्या प्राध्यापकांना विचारायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

प्राध्यापकांनी मला एक लांबलचक छापील प्रश्नावली दिली होती आणि वर बजावलं होतं की निरीक्षकाने भिंतीसारखं असावं, असून नसल्यासारखं. मी सुरुवात देवळाच्या गुरवापासून केली. धोंडू गुरव, वय झालेला, अंगाने काटकुळा, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घरात देवाची पूजा.

"देवतेचं स्वरूप उग्र आहे की सौम्य?" मी वाचून दाखवलं.

"सौम्य म्हंजे?"

"शांत."

"सकाळचा शांत असतो. दुपारी निवेद उशिरा झाला की माज्यासारकाच."

"या प्रथेवर तुमचा विश्वास आहे का?"

धोंडूने आत्याकडे पाहिलं. मुलगी बरी आहे ना, असा त्याचा चेहरा होता. "बाय, देव हतंच बसलाय. जो समोर बसलाय त्याच्यावर इस्वास काय ठेवायचा?"

उत्तरासाठी सोडलेल्या जागेत 'होय' किंवा 'नाही' यांपैकी काय लिहावं ते मला ठरवता आलं नाही.

देवळात

दुसऱ्या आठवड्यात कौल पाहण्याचा योग आला. बाबल तांडेल नावाचा एक कोळी, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल. त्याने नवी होडी बांधून घेतली होती. ती पाण्यात सोडायची की नाही हे देवाला विचारायचं होतं. देव 'होय' म्हणाल्याशिवाय नवी होडी ओली करायची नाही, असा गावचा नेम.

कौलाची रीत सोपी आहे. गाभाऱ्यात देवाचा काळा उभा पाषाण, त्यावर चांदीचा मुखवटा. गुरव फुलाच्या दोन पाकळ्या ओल्या करून पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतो, आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतो. मग सगळे गप्प बसून वाट पाहतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"बा देवा म्हाराजा," धोंडूने सुरुवात केली, "तुज्या लेकरान होडी बांधलान हाय..."

"होय म्हाराजा," मागून सगळे.

बराच वेळ काही झालं नाही. बाबल हात जोडून असा उभा होता की त्याच्या दंडाच्या शिरा दिसत होत्या. मग डाव्या बाजूची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"डावा दिलान," धोंडू म्हणाला.

बाबलने देवाला नमस्कार केला आणि जायला वळला. मी प्रश्नावली पुढे केली. त्यात 'चिन्हांचा अर्थ' असं एक सदर होतं, आणि मला ते काटेकोर भरायचं होतं. मी धोंडूला विचारलं, "उजवा म्हणजे कुणाचा? आपला की देवाचा?"

"उजवा म्हंजे उजवा."

"नाही, पण देव आपल्याकडे तोंड करून आहे. म्हणजे आपला डावा तो त्याचा उजवा ना?"

देवळात बसलेल्या प्रत्येक माणसाने आधी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग मुखवट्याकडे, आणि मग पुन्हा हाताकडे. दाजी तर उठून देवाच्या बाजूला गेला, आमच्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने आपला उजवा हात वर केला. तो आमच्या डावीकडे होता. सगळ्यांच्या घशातून एकदमच आवाज निघाला.

दारापर्यंत गेलेला बाबल थांबला होता. "म्हंजे," तो म्हणाला, "देवान सोड म्हटलान?"

कुणी उत्तर द्यायच्या आत तो उतरणीवरून धावत सुटला. आम्ही खाली पोचेपर्यंत त्याने भावकीतली माणसं लावून होडी पाण्यात ढकललीसुद्धा होती.

परतताना देवळाच्या पायरीवर आत्याचा पाय सरकला आणि गुडघा सुजला. "भिंत म्हणे," ती कण्हत म्हणाली. "भिंती असे प्रश्न विचारायला लागल्या तर माणसांनी राहायचं कुठे?"

शाळेच्या पडवीत

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक शाळेत यायला लागले. आजवर प्रश्नावली घेऊन मी दारोदार फिरत होते आणि बायका मला बघून चुलीपुढे जाऊन बसत होत्या. आता पडवीत बसायला जागा नव्हती. फक्त प्रश्न ते विचारत होते.

ज्यांना कधीकाळी नकार मिळाला होता ते आनंदात होते. ज्यांना होकार मिळाला होता त्यांची झोप उडाली होती. एकाने देवाला विचारून विहीर खणली होती. तिला भरपूर पाणी होतं, तरी ती आता बुजवावी लागेल काय, म्हणून तो रडकुंडीला आला होता. एकाने आजोबांच्या वेळेला नाकारलेला गोठा बांधायला घेतला. गाई नव्हत्या, पण परवानगी निघाली होती. एका म्हाताऱ्याने मुंबईला जाऊ का म्हणून तरुणपणी विचारलं होतं आणि देवाने नको म्हटलं होतं. तो डोक्याला मुंडासं, हातात वळकटी, असा येऊन बसला आणि आगबोट कधी आहे ते आत्याला विचारू लागला.

आत्या गुडघ्यावर मिठाच्या पुरचुंडीचा शेक घेत या सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकून घेत होती. म्हाताऱ्याला तिने सांगितलं, "आजोबा, आधी पेज घ्या, मग मुंबई." तो पेज प्यायला आणि तिथेच झोपला.

मग भागी आली. खरं म्हणजे आधी तिचा नवरा विठू आला. वीस वर्षांपूर्वी भागीला बाबलने मागणी घातली होती. देवाला विचारलं तेव्हा पाकळी डावी पडली, आणि भागी विठूला दिली गेली. विठू हडकुळा, हळवा माणूस. तो माझ्यासमोर येऊन बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"बाय, म्हंजे इतकी वर्षां मी बाबलची बायको सांभाळलंय?"

"असं नसतं हो," मी म्हणाले.

"देवाची आज्ञा मोडलंय मी. बाबलला सांगितलां, तुजी हाय ती घेऊन जा. तर तो दार लावून बसलाय."

एवढ्यात भागीच पडवीत शिरली. डोक्यावर मासळीची पाटी, कासोटा घट्ट. पाटी खाली ठेवून ती विठूसमोर उभी राहिली.

"देवाला इचारलात, गुरवाला इचारलात, बाबलला इचारलात, आता ह्या पुण्याच्या बायांना इचारतास. माला कोण इचारणार?"

विठूने डोळे पुसले. "तुला काय वाटतां?"

"माला वाटतां, पाटी उचल आणि घरला चल."

विठूने पाटी उचलली. पण त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

चार दिवसांत गावाचे उघड दोन तट पडले. एक देवाच्या उजव्याचा, एक माणसाच्या उजव्याचा. एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरणं थांबलं. देवाच्या उजव्याचे लोक बाबलशी बोलत, माणसाच्या उजव्याचे त्याला वाट सोडून चालत. त्याच्या होडीत बसायला मात्र दोन्हीकडचं कुणी तयार नव्हतं. दाजीची तर फार ओढाताण झाली. त्याचं घर, त्याचं लग्न आणि त्याचा मान, तिन्ही त्याला उजव्या कौलाने मिळाले होते. लग्नाबद्दल तो काही बोलला नाही, पण मान जातो की काय या विचाराने त्याच्या मिशा उतरल्या होत्या.

शेवटी ठरलं, की देवालाच विचारायचं.

धोंडूने पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, तुजा उजवा खरा असंल तर उजवा दे. आमचा उजवा खरा असंल तर डावा दे."

"होय म्हाराजा."

पाकळी पडली ती आमच्या डाव्या बाजूची.

"डावा दिलान! आमचा खरा!" एका तटाने आरोळी ठोकली.

"देवाचा उजवा दिलान! देवाचा खरा!" दुसऱ्याने ठोकली.

दोन्ही तटांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, नारळ फोडले, खोबरं वाटलं. आनंदाच्या भरात पाच-दहा मिनिटं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेकाचं खोबरं चावणं थांबत गेलं. मी देवळाच्या खांबाला टेकून उभी होते. प्राध्यापकांनी शिकवलं होतं की कौल म्हणजे समाजाला एकत्र बांधून ठेवणारं साधन. समोर समाज हातात करवंट्या घेऊन एकमेकांच्या अंगावर जायच्या तयारीत होता, आणि त्याला बांधून ठेवायला माझ्याजवळ एक पेन्सिल होती. मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली.

आत्याला आम्ही खुर्चीत बसवून वर आणलं होतं. ती एवढा वेळ देवाकडे टक लावून पाहत होती. "गुरव," ती म्हणाली, "मुखवटा कुणी बसवला?"

"माज्या आजान. त्याच्याआधी नुसता पाषाण व्हता."

"मग देवाचं तोंड इकडेच आहे, हे तुमच्या आजोबांना कुणी सांगितलं?"

धोंडूने देवाची क्षमा मागून मुखवटा उतरवला. सगळे दाटीवाटीने पुढे झाले. पाषाण पुढून गुळगुळीत होता. दाजीने दिवा हातात घेऊन मागून पाहिलं. मागूनही तो तसाच गुळगुळीत.

देवळाच्या मागच्या भिंतीपलीकडे उतार, माड, आणि मग समुद्र. दाजी दिवा धरून तिथेच उभा राहिला.

"देव दर्याकडे बघतो," तो म्हणाला. "आपल्या होड्यांवर त्याची नजर हाय. तो पाठमोरा बसलाय. आपल्याकडे पाठ करून."

"मग उजवा?" कुणीतरी विचारलं.

दाजी पाषाणाला पाठ लावून, समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने उजवा हात वर केला. या वेळी तो आमच्याही उजवीकडेच होता.

मी आयुष्यात अनेक सभा पाहिल्या, पण असा सुटकेचा निःश्वास कुठे ऐकला नाही. देवाचा उजवा तोच माणसाचा उजवा. विहीर राहिली, घर राहिलं, मान राहिला. विठू तिथल्या तिथे भागीच्या पाया पडायला वाकला आणि तिने त्याला दंडाला धरून उभा केला. मुखवटा मागच्या बाजूला बांधण्यात आला. तिकडे भिंत इतकी जवळ आहे की आता तो कुणालाच दिसत नाही, पण देवाला समुद्र दिसतो याचा सगळ्यांना आनंद आहे.

सगळ्यांना म्हणजे बाबल सोडून. सगळे जुने कौल जसेच्या तसे ठरले, त्यात त्याच्या होडीचा नकारही ठरला. आणि होडी तर पाण्यात होती.

जैतापूर

निघायच्या दिवशी मुंबईची आगबोट जैतापूरला गाठायची होती. सड्यावरून चालत जायला वाट आहे, पण आत्याचा गुडघा वाकत नव्हता. गावातल्या बाकीच्या होड्या पहाटेच मासळीला गेल्या होत्या. किनाऱ्यावर एकच होडी होती, आणि तिच्याशेजारी बाबल.

"मी नेतंय," तो म्हणाला. "पण सांगून ठेवतंय, हिला देवाचो होकार नाय."

ती पाण्यात गेली ती माझ्या प्रश्नामुळे. तेव्हा तिच्यात बसायला मी एका पायावर तयार असायला हवं होतं. प्रत्यक्षात मी वाळूत उभी राहिले आणि माझा पाय उचलेना. मी पदवीधर आहे. पाकळी ओलाव्याने चिकटते आणि वाळली की पडते हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पाय उचलेना. दाजी, धोंडू आणि निम्मा गाव माडांखाली उभा राहून बघत होता.

आत्या मात्र लंगडत गेली आणि दोघा बायकांच्या आधाराने होडीत चढून बसली.

"आत्या, तुला भीती नाही वाटत?"

"सकाळी मी देवळात जाऊन स्वतः कौल लावून घेतला."

"मग?"

"डावा पडला."

"आणि तरी?"

"मी देवाकडे पाठ करून उभी होते," आत्या म्हणाली. "चढ आता."

नवी होडी थोडं पाणी पितेच, असं बाबल म्हणाला. थोडं म्हणजे अर्ध्या वाटेवर आमच्या घोट्यापर्यंत. आत्या करवंटीने पाणी उपसत होती, एका बाजूने रामरक्षा म्हणत होती आणि मध्येच थांबून "हळू वल्हव रे मेल्या" म्हणत होती. मी ट्रंक मांडीवर घेऊन बसले होते. खाडीच्या तोंडाशी दोन लाटा अशा आल्या की बाबलचा चेहरा पाहण्याचंही मी टाळलं. मग पाणी शांत झालं आणि जैतापूरचा किनारा दिसू लागला.

उतरल्यावर बाबलने शीड सारखं केलं. जरा घुटमळला.

"बाय, तुमी शिकलेल्या. सांगा, हिला होकार हुतो काय नकार?"

"पोचलो ना आपण?"

"तां खरां," तो म्हणाला. "पण माला परत जायचां हाय. एकट्याला."

त्याने होडी ढकलली. आम्ही बंदरावर बसून राहिलो. लाटा आता वाढल्या होत्या. आगबोट आली, भोंगा झाला, पडाव भरायला लागला, तिकिटवाला आम्हाला हाका मारू लागला. मी आत्याकडे पाहिलं. ती डोळ्यांवर हात धरून खाडीच्या तोंडाकडे पाहत होती. तिथे शीड एकदा दिसलं, खाली गेलं, आणि मग दिसेना.

"उद्याची घेऊ," आत्या म्हणाली. उद्या आगबोट नव्हती, परवा होती. मी तिकिटवाल्याला हातानेच नको म्हटलं.

रात्र आम्ही बंदरावरच्या धर्मशाळेत काढली. सकाळी उजाडताच पुन्हा किनाऱ्यावर येऊन बसलो. ऊन चढायला लागलं तशी खाडीच्या तोंडातून एक होडी आत आली. बाबलची. पण ती इतकी खाली दबली होती की आधी ओळखू आली नाही. पुढे भागी, पायाशी मासळीच्या पाट्या. तिच्यामागे विठू कोंबड्या धरून. मधोमध मुंबईला निघालेला म्हातारा, वळकटीवर बसलेला. मागच्या बाजूला धोंडू गुरव, आणि दाजी तर चक्क करवंटीने पाणी उपसत होता.

मी पाण्यात जाऊनच विचारलं, "दाजी! पुन्हा कौल लावलात?"

दाजीने करवंटी रिकामी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"येळ खंय हुता?" तो म्हणाला. "आज बाजार हाय."